जुन्या तबकड्यांचे ऋण

मैफलीहून घरी परतणारा श्रोता गवयाचे नाव मोठ्या आदराने घेतो. तबलजीचे नाव त्याच्या स्मरणात असलेच तर असते. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याचे नाव त्याने विचारलेलेही नसते. देवळाच्या चौकात कीर्तन रंगते तेथेही प्रकार निराळा नाही. बुवांची कीर्ती पंचक्रोशीत जाते आणि पेटी-मृदंगाची साथ करणारे गृहस्थ प्रसाद घेऊन निमूटपणे घरची वाट धरतात. कीर्तीच्या पंगतीत असा पंक्तिप्रपंच फार जुना आहे. स्वराला मात्र हा भेद ठाऊक नाही. तो एकदा तबकडीवर उमटला, की वाजवणाऱ्याचे नाव विसरले गेले तरी टिकून राहतो आणि पुढे कधी, कोठे, कोणाच्या कानी पडेल याचा नेम नसतो.

अशाच एका स्वरप्रवासाची हकिगत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिचे एक टोक अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील ऑक्सनार्ड ह्या समुद्रकाठच्या शहरी आहे आणि दुसरे टोक गोमंतकातील हळदोणे गावी. मधला पूल ज्या संगीताने बांधला त्याचे नाव हिप-हॉप. हे नाव ऐकताच आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, हे आम्ही जाणतो. त्या नावाखाली पुष्कळ उथळ आणि शिवराळ माल बाजारात आला आहे, हेही खरे. परंतु कोणत्याही कलेचे मोल केवळ तिच्या बाजारावरून ठरवू नये; ती मनोभावे उपासणारा मनुष्य काय करतो, हेही पाहावे.

हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ हा दिवस सांगतात. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत त्या रात्री एक घरगुती नृत्यसमारंभ होता. तबकड्या लावण्याचे काम क्लाइव्ह कॅम्पबेल ह्या अठरा वर्षांच्या, मूळच्या जमैका बेटावरील तरुणाकडे होते. पुढे तो कूल हर्क ह्या नावाने प्रसिद्धीस आला. नाचणारी मंडळी संपूर्ण गाण्यापेक्षा त्यातील एका विशिष्ट जागेची वाट पाहतात, हे त्याने हेरले होते. गायन थांबते, इतर वाद्ये मागे सरतात आणि काही क्षण केवळ ढोल वाजत राहतो, ती ही जागा. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून त्याने ती जागा आलटून पालटून वाजवली आणि क्षणांची मिनिटे केली. आपल्याकडे ठेक्यावर लग्गी रंगली म्हणजे श्रोते ती संपू नये असे इच्छितात. तशाच इच्छेतून हे नवे संगीत जन्मास आले. त्या ठेक्यावर लयबद्ध, यमकबद्ध बोल म्हणण्याची प्रथा पडली, तिला रॅप म्हणतात.

ह्या संगीतात बोल म्हणणाऱ्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्वाचा असतो तो प्रोड्यूसर. प्रोड्यूसर म्हणजे भांडवल पुरवणारा निर्माता, असा आपला चित्रपटांवरून झालेला समज येथे बाजूस ठेवावा लागतो. हिप-हॉपचा प्रोड्यूसर हा रचनाकार असतो. तो जुन्या तबकड्या धुंडाळतो, त्यातील दोनचार सेकंदांचा एखादा तुकडा उचलतो, त्याची गती बदलतो, त्यावर दुसऱ्या तबकडीचा ढोल बसवतो आणि ह्या सांधकामातून नवी वस्तू उभी करतो. अशा तुकड्याला सॅम्पल म्हणतात. १९८७ साली बाजारात आलेल्या एसपी-१२०० ह्या यंत्रात अवघा दहा सेकंदांचा ध्वनी साठवता येई. जागा अपुरी पडू लागली तेव्हा कलावंतांनी युक्ती काढली. सावकाश फिरवावयाची तबकडी जलद फिरवून तुकडा थोडक्या जागेत भरावयाचा आणि मग यंत्रात त्याची गती उतरवावयाची. ह्या उठाठेवीत ध्वनी किंचित खरखरीत होई. पुढे तीच खरखर ह्या संगीताचे वैशिष्ट्य मानली गेली. जुन्या बखरीच्या कागदाचा पिवळेपणा अभ्यासकाला प्रिय वाटावा, तसेच हे झाले.

ह्या रचनाकारांतील काहींचे चित्त जॅझ संगीताकडे वळले, यात आश्चर्य नव्हते. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी वडीलधाऱ्यांनी जमवलेल्या जॅझच्या तबकड्या होत्या. लहानपणी नकळत कानी पडलेले स्वर वयात आल्यावर त्यांना साद घालू लागले. १९८९ साली गँग स्टार ह्या जोडीने डिझी गिलेस्पी यांच्या ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ ह्या विख्यात रचनेच्या आधारे एक गाणे बांधले. १९९१ साली अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट ह्या मंडळीने ‘द लो एन्ड थिअरी’ हा संच काढला. त्यातील एका गाण्यात रॉन कार्टर ह्या थोर जॅझवादकाने स्वतः येऊन डबल बेस वाजवला. बोलांत शिवीगाळ नसावी, अशी अट त्यांनी घातली होती आणि तरुणांनी ती मान्य केली. १९९३ साली गँग स्टारमधील गुरू ह्या नावाच्या कलावंताने ‘जॅझमॅटॅझ’ हा संच सिद्ध केला. डोनाल्ड बर्ड, रॉय एअर्स, लॉनी लिस्टन स्मिथ यांसारख्या बुजुर्गांना त्याने पाचारण केले आणि त्यांची नावे मोठ्या मानाने छापली. केवळ तबकडीतील तुकडा न उचलता त्या तबकडीमागील मनुष्याला सन्मानाने बोलावणे, हा ह्या तीन वर्षांतील फरक वाचकांनी ध्यानी ठेवावा. आमच्या विवेचनाचा तो कणा आहे.

बड्या कंपन्यांचे लक्ष ह्या प्रकारावरून लवकरच उडाले. तेव्हा त्याची जोपासना लहान, स्वतंत्र संस्थांनी केली. त्यांपैकी स्टोन्स थ्रो ही १९९६ साली कॅलिफोर्नियात निघालेली संस्था विशेष उल्लेखनीय आहे. तिचा संस्थापक क्रिस मनॅक, कलाक्षेत्रातील नाव पीनट बटर वुल्फ. करिझ्मा ह्या नावाच्या तरुण मित्राबरोबर त्याने गाणी रचली होती. १९९३ साली त्या मित्राचा खून झाला. गाणी पेटीत पडून राहिली. आपल्या मृत मित्राचा आवाज असा नाहीसा होऊ नये, ह्या तळमळीतून मनॅकने स्वतःची संस्था काढली आणि तिची पहिली तबकडी त्या मित्राबरोबर केलेल्या गाण्याचीच होती. एका मैत्रीचे हे श्राद्धकर्मच म्हणावयाचे. आणि ते पुढे कित्येक विस्मृत कलावंतांना तर्पण ठरले.

ह्याच संस्थेत आमच्या हकिगतीचा नायक आला. त्याचे नाव ओटिस जॅक्सन, धाकटा. जग त्याला मॅडलिब म्हणून ओळखते. जन्म १९७३ चा, म्हणजे हिप-हॉपच्या जन्मवर्षाचाच. वडील गायक आणि मामा जॉन फॅडिस हे प्रख्यात ट्रंपेटवादक, गिलेस्पींचे पट्टशिष्य. असे असूनही ह्या मुलाने कोणत्याही एका वाद्याची गादी चालवली नाही. त्याची भक्ती तबकडीवर जडली. लॉस एंजेलिस येथे संस्थेच्या घराच्या आवारात बॉम्बवर्षावापासून संरक्षणासाठी बांधलेले एक जुने तळघर होते. त्यात तबकड्यांचे ढीग रचून तो दिवसरात्र काम करीत असे. २००२ साली तो ब्राझीलला गेला तेव्हा तेथील जुन्या तबकड्या विकत घेऊन, हॉटेलच्या खोलीत एक लहानसे यंत्र आणि एक फिरते ग्रामोफोन एवढ्या साहित्यावर त्याने रचना केल्या. त्यांतील काही पुढे एमएफ डूम ह्या रॅपकाराबरोबर केलेल्या ‘मॅडव्हिलनी’ (२००४) ह्या गाजलेल्या संचात आल्या. ब्लू नोट ही १९३९ साली न्यूयॉर्कला स्थापन झालेली जॅझची मातब्बर संस्था. तिने आपले जुने भांडार मॅडलिबला उघडून दिले आणि त्यातून २००३ साली ‘शेड्स ऑफ ब्लू’ हा संच निघाला.

ह्या गृहस्थाची एक लहर मोठी बोधप्रद आहे. २००१ साली त्याने येस्टरडेज न्यू क्विंटेट ह्या नावाने जॅझचा संच काढला. क्विंटेट म्हणजे पाच वादकांचा मेळ. पाचही वादकांना नावे होती; परंतु त्यांपैकी चार काल्पनिक होते आणि पाचवा मॅडलिब स्वतःच, आपल्या खऱ्या नावाने. ढोल, बेस, पियानो, व्हायब्राफोन अशी वाद्ये एकट्या मॅडलिबने वाजवली होती. आता ह्याच्या नेमके उलट चित्र मुंबईच्या जुन्या चित्रपटसंगीतात दिसते. तेथे ध्वनिमुद्रणगृहात वादक पन्नास असत आणि तबकडीवर त्यांपैकी एकाचेही नाव नसे. तिकडे वादक एक आणि नावे पाच. इकडे वादक पन्नास आणि नाव शून्य.

ही तुलना आम्ही ओढूनताणून केलेली नाही. २००७ साली मॅडलिबने ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ हा संच प्रसिद्ध केला. भारतीय, विशेषतः हिंदी चित्रपटांच्या जुन्या तबकड्यांतील तुकडे घेऊन त्याने ह्या रचना बांधल्या आहेत. सतारीची एखादी सुरावट, व्हायोलिनांचा एखादा झोत, तुतारीसारखी कडाडून उठणारी ट्रंपेटची ओळ, बोंगोंचा खळखळाट असे स्वर तो आवडीने टिपतो. हे स्वर मुंबईस कोठून आले, हा प्रश्न विचारला की वाट गोमंतकाकडे वळते.

पोर्तुगीज अंमलात गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून ख्रिस्ती मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. पोट भरण्यासाठी ही मुले मुंबई-कलकत्त्यास जात. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केला. पुढे बोलपटांना मोठ्या वाद्यवृंदाची गरज भासू लागली, तेव्हा लिहिलेले संगीत वाचू शकणारे हेच वादक ध्वनिमुद्रणगृहांत शिरले. संगीतकाराने पेटीवर चाल सांगावी आणि अनेकदा गोमंतकीय संयोजकाने तिला वाद्यवृंदाचे वस्त्र चढवावे, अशी रीत पडली.

हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ (१९१६–१९६७) हे त्यांतील अग्रणी. चिक चॉकलेट ह्या नावाने ते गाजले आणि त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. गायिका लता मंगेशकर, म्हणजे मंगेशीच्या दीनानाथांची कन्या. देवळाच्या परिसरात घडलेल्या घराण्याचा कंठ, चर्चच्या शाळांनी जोपासलेल्या परंपरेचा ट्रंपेट आणि मराठी संगीतकाराची चाल अशी ही तिहेरी गुंफण होती. धर्म, भाषा आणि जात यांच्या भिंती बाहेर उभ्याच होत्या. ध्वनिग्राहकापुढे मात्र ह्या मंडळींना एकमेकांचा श्वास सांभाळावाच लागे. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी काढली. तीत अकरा राग जॅझच्या अंगाने मांडले आहेत. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रंपेट आणि लेस्ली गुदिन्हो यांचे ड्रम तीत ऐकावयास मिळतात.

तेव्हा वाचकांच्या ध्यानी येईल, की मॅडलिबने मुंबईच्या तबकडीतून उचललेला स्वर त्याला सर्वस्वी परका नव्हता. त्याच्या मामाच्या गुरूंनी ज्या कलेत नाव मिळवले, तीच कला समुद्र ओलांडून ताजमहाल हॉटेलात आली होती, गोमंतकीय हातांत मुरली होती, रागदारीच्या संगतीत बदलली होती आणि सत्तर वर्षांनी तबकडीच्या रूपाने अमेरिकेस परतली. माहेरवाशीण लेकुरवाळी होऊन माहेरी यावी, तशी ती परतली. तिला मुलांसह ओळखणारा कान तेथे होता, हे त्या रसिकाचे मोठेपण.

परंतु कान होता, नाव नव्हते. येथे आम्हांस थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे.

नावाचा हा प्रश्न आपल्याकडेही सुखासुखी सुटलेला नाही. १९४९ साली ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ हे गाणे देशभर गाजले. पण तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून चित्रपटातील पात्राचे, ‘कामिनी’ असे, छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे पृच्छा केली तेव्हा कोठे लताबाईंचे नाव जाहीर झाले. गायिकेची ही कथा, तेथे वादकाची काय कथा सांगावी! माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे कसलेले व्हायोलिनवादक आणि संयोजक. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले. लक्षावधी लोकांनी ते नाव गुणगुणले, पण असा मनुष्य खरोखर आहे, हे त्यांपैकी किती जणांस ठाऊक होते?

अमेरिकेत हा प्रश्न न्यायासनापुढे गेला. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की ह्या रॅपकाराविरुद्ध निकाल देताना परवानगीवाचून उचललेला तुकडा ही चोरी ठरवली. निकालपत्राचा आरंभच बायबलातील चौर्यनिषेधाच्या आज्ञेने केला होता. भारतीय संगीताच्या संदर्भात २००३ चा निकाल महत्त्वाचा. ‘ज्योति’ (१९८१) ह्या चित्रपटात बप्पी लाहिरी यांनी बांधलेले आणि लताबाईंनी गायिलेले ‘थोडा रेशम लगता है’ हे गाणे ट्रुथ हर्ट्‌स ह्या गायिकेच्या २००२ सालच्या ‘ॲडिक्टिव्ह’ ह्या गाण्यात बेधडक वापरले होते. लाहिरी यांचे नाव तबकडीवर नमूद होईपर्यंत विक्री थांबवावी, असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. न्यायासनाने दोन वर्षांनी येणाऱ्यांनाही जणू वाट दाखवली. २००५ साली ब्लॅक आइड पीज ह्या मंडळीने ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) ह्या चित्रपटांतील आशा भोसले यांच्या गाण्यांचा आधार घेतला, तेव्हा कल्याणजी-आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावे रचनाकारांत दाखल झाली.

हा न्याय आम्हांस मान्य आहे. पण तो पुरा नाही. त्याने संगीतकाराचे नाव परत मिळवून दिले. वादकाचा आणि संयोजकाचा प्रश्न न्यायासनापुढे आलाच नव्हता, कारण त्यांनी दिवसाची बिदागी घेऊन हक्क सोडला, असेच व्यवहार मानतो. शिवाय परवानगीचे शुल्क इतके वाढले, की ते बड्या कंपन्यांसच परवडावे. ज्या लहान संस्थांनी विस्मृत तबकड्यांवर खरे प्रेम केले, त्यांनाच मोकळेपणी ऋण मान्य करणे महाग पडू लागले. कारण नाव घ्यावे तर दाव्याला आमंत्रण, न घ्यावे तर कृतघ्नता. ह्या पेचात कित्येक रचनाकारांनी मौन पत्करले. त्यांची अडचण आम्ही समजू शकतो, पण मौनाचा पुरस्कार करू शकत नाही. दुसऱ्याचा स्वर मनापासून आवडणे ही भक्ती खरी. परंतु आपल्या परंपरेत भक्ताने नामाचा उच्चार करावयाचा असतो. आमचे कीर्तनकार अभंग म्हणताना कर्त्याची नाममुद्रा गाळीत नाहीत. ‘तुका म्हणे’ उच्चारल्यावाचून अभंग पुरा होत नाही. त्या दोन शब्दांत तीनचारशे वर्षांचा ऋणनिर्देश सामावला आहे आणि त्यासाठी कोणाला न्यायालयात जावे लागले नाही.

परंतु ऑक्सनार्डच्या गृहस्थाला बोल लावण्यापूर्वी आपण आपल्या घराकडे पाहावे. ज्या २००७ साली ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ निघाला, त्याच वर्षी फ्रँक फर्नांड निवर्तले. कुडचड्याचा हा ट्रंपेटवादक मुंबईच्या जॅझ वाद्यवृंदांत आणि चित्रपटसंगीतात वावरला आणि पुढे त्याने ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट निर्माण केले. त्याच्या पिढीतील बहुतेक वादक आज हयात नाहीत. कोणत्या गाण्यातील कोणती ओळ कोणी वाजवली, हे सांगू शकणारी माणसे गेली, की मॅडलिबने नाव घ्यावयाचे ठरवले तरी ते त्याला कोण पुरवणार? परदेशी रसिकाने तबकडी शोधली. तिच्या पाकिटावरील रिकामी जागा भरण्याचे काम आपले आहे.

हे काम विद्वानांनीच करावयास हवे असे नाही. गोमंतकात, बेळगावात, इंदुरात, बडोद्यात ज्या घरी जुन्या तबकड्यांच्या पेट्या माळ्यावर असतील, त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. घराण्यातील कोणी कधी वाद्यवृंदात वाजवले असेल तर त्याचे नाव, गाव आणि वाद्य कागदावर उतरवून ठेवावे. देवस्थानच्या समित्यांना आमची एक छोटीशी विनंती आहे. जत्रेच्या वा सप्ताहाच्या पत्रिकेत गायक-कीर्तनकारांची नावे ठळक छापतात, त्यांच्या खाली पेटी, तबला, पखवाज आणि घुमट वाजवणाऱ्यांची नावेही छापावीत. त्यास दोन ओळींहून अधिक शाई लागणार नाही. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करीत असल्यास आरंभी ती नावे मोठ्याने उच्चारून मुद्रित करावीत. पन्नास वर्षांनी कोणा दूरदेशीच्या तरुणाला त्या मुद्रणातील पखवाजाचा एखादा बोल आवडला आणि त्याने त्यावर आपली रचना उभी केली, तर तो कोणाचा ऋणी आहे हे त्यास कळण्याची सोय तरी राहील.